सड्यावरच्या माट्टीखाली सहा जनावरं

जनावर अचानक मेलेलं सापडलं की मी आधी त्याचं तोंड उघडून बघते. दातांत गवत तसंच असेल, अर्धवट चावलेलं, अजून हिरवं, तर समजायचं की घास गिळायलासुद्धा वेळ मिळाला नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या त्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चार म्हशी आणि दोन गायी पडल्या होत्या आणि सहाही जणींच्या तोंडात गवत होतं.

मी पशुवैद्यक आहे, वाळपईच्या पुढची म्हादईच्या खोऱ्यातली गावं माझ्याकडे आहेत. हे ऑक्टोबरातलं. सकाळी सकाळी फोन आला तोच मुळी "बाय, लवकर या, जनावरांना विष घातलंय" असा. वर पोचेपर्यंत गाव जमलेला, पोलीस आलेले, आणि दोन घरांतली माणसं एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात. मालक धनगर समाजातला म्हातारा. शेजारच्या काजूच्या बागायतदाराशी त्याचं जुनं भांडण, जनावरं बागेत शिरतात म्हणून, आणि थोड्याच दिवसांपूर्वी बागायतदार चारचौघांत "परत दिसली तर बघून घेईन" असं बोलून बसलेला. मग काय, आता त्याच्याकडेच सगळ्यांची बोटं.

आदल्या संध्याकाळी जोरदार गडगडाट झालेला सगळ्यांनी ऐकलेला. सड्यावर एकटी उभी असलेली मोठी माट्टी, म्हणजे ऐनाचं झाड, वरपासून खालपर्यंत सोललेली होती, साल हातभर रुंद पट्टीत निघून तुकडे लांब उडालेले, आतलं लाकूड उघडं. म्हणजे झाडावर वीज पडली हे सगळ्यांना मान्य. पण म्हातारा म्हणाला, "झाडावर पडली ती दिसते बाय, पण माझ्या म्हशी काय झाडाला टेकून होत्या? ती तिकडची बघा कुठे पडलीय. आणि अंगावर एक केस तरी जळलाय का?" प्रश्न अगदी बरोबर होता. एकाही जनावरावर भाजल्याची खूण नव्हती, आणि वीज पडली म्हणजे कोळसा झाला पाहिजे असंच लोकांच्या डोक्यात असतं.

मला मात्र त्या क्षणी विजेपेक्षा आणि विषापेक्षाही वेगळीच भीती होती. पोटं टम्म फुगलेली आणि दोघींच्या नाकातून रक्ताळलेला फेस. असं दिसलं की पहिला संशय फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, घ्यायचाच, आणि तो खोटा ठरेपर्यंत सुरी बाहेर काढायची नाही. कारण फाशीचं जनावर फाडलं तर रोगाच्या जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, माणसालाही रोग होतो. म्हणून कानाच्या शिरेला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, स्लाइड मदतनिसाच्या हाती बाइकवरून दवाखान्यात पाठवली आणि लोकांना सांगितलं की तपासणी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, ओढायचं तर अजिबात नाही.

मग टेप घेऊन फिरायला लागले. सहाही जनावरं माट्टीच्या भोवती, सगळ्यात लांबची जेमतेम अकरा-बारा पावलांवर. पाच जणी अशा पडलेल्या की तोंड झाडाकडे किंवा शेपूट झाडाकडे, म्हणजे पुढचे पाय एका अंतरावर आणि मागचे पाय दुसऱ्या. सहावी थोडी तिरकी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खुरांखालचं गवत. विषाने जनावर तडफडतं, पाय झाडतं, माती उकरली जाते, तोंडाला लाळ, शेण पातळ, आणि सहा जणी काही एकाच जागी एकाच वेळी मरत नाहीत, कोणी जास्त खाल्लेलं असतं कोणी कमी. इथे पायांजवळचं गवत सरळ उभं होतं. पोलिसाला वाकून बघायला लावलं मी.

झाडाच्या बुंध्यापासून एका मुळाच्या रेषेत माती फुटून चर पडली होती, आणि जिथे मूळ जांभ्यात शिरत होतं तिथे दगडाची कपची उडालेली. तिथे उभं राहूनच मी म्हाताऱ्याला सांगायला लागले, कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. झाडावर पडलेली वीज झाडात संपत नाही. साधारण तीस हजार अँपिअरचा करंट बुंध्यातून जमिनीत उतरतो आणि चारी बाजूंना पसरतो, तळ्यात दगड टाकल्यावर वर्तुळं पसरतात तसा. झाडाजवळच्या वर्तुळावर व्होल्टेज प्रचंड, लांबच्यावर कमी. आपला सडा म्हणजे वर बोटभर माती आणि खाली जांभा, त्यातून करंट सहज खोल जात नाही, म्हणून वरच्या वरच लांबपर्यंत पसरतो आणि दोन पावलांमधला व्होल्टेजचा फरक आणखी वाढतो. म्हशीचे पुढचे पाय एका वर्तुळावर, मागचे दीडेक मीटर लांब दुसऱ्या वर्तुळावर, मधे हजारो व्होल्टचा फरक, आणि करंट पुढच्या पायांतून शिरून मागच्या पायांतून बाहेर, वाटेत काळीज. माणसाचे दोन पाय जवळ असतात आणि करंट एका पायातून दुसऱ्या पायात जातो, छाती बरीचशी सुटते. म्हणून एकाच झाडाखालचा गुराखी कधी कधी वाचतो आणि म्हशी मरतात. वीज म्हशींवर पडलीच नव्हती. जमिनीने मारलं त्यांना.

साल का सोलली तेही याच्यातलंच. विजेच्या वाटेवरची हवा एका झटक्यात ३०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा पाचपट. माट्टी तर पाणी धरून ठेवणारं झाड, पावसाळ्यानंतर सालीखाली भरपूर ओल, तिची एकदम वाफ होते आणि साल बाहेर फेकली जाते.

"पण एकदम सहा?" असं कोणीतरी मागून म्हणालं, तेव्हा मी त्यांना नॉर्वेचं सांगितलं. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या हार्डांगरविडा पठारावर ३२३ रेनडिअर एका वादळात मेलेले सापडले, सगळे एकमेकांना खेटून, कारण गडगडाटाला घाबरून कळप जवळ येतो. आणि आपल्याकडे आसाममध्ये नगाव जिल्ह्यात मे २०२१ मध्ये १८ हत्ती गेले, शवविच्छेदनात वीजच निघाली. हत्तीच्या पुढच्या-मागच्या पायांत किती अंतर असेल बघा, म्हटलं.

तेवढ्यात फोन आला, स्लाइड स्वच्छ, फाशी नाही. मग शवविच्छेदन सुरू केलं आणि मुद्दाम बागायतदारालाही जवळ बोलावलं. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी सोलत गेले तशी खाली लाल रेषा दिसायला लागल्या, एक जाड, तिला बारीक फांद्या, त्यांना आणखी बारीक. कातडीखाली रक्त पसरल्याच्या खुणा त्या. वरून केसांमुळे काहीच दिसत नव्हतं. म्हातारा किती तरी वेळ बघत राहिला आणि मग बागायतदाराकडे न बघताच एवढंच म्हणाला, "विष न्हय." पोलीस तक्रार झालेली असल्यामुळे पोटातले नमुने सीलबंद करून लॅबला पाठवले, ते नियमाप्रमाणे करावंच लागतं, पण रिपोर्टमध्ये मृत्यूचं कारण लिहिताना माझा हात अडला नाही.

एक म्हैस आणि तिचं रेडकू मात्र रात्रीच घरी आलं होतं. म्हैस मागचे पाय ओढत होती, विजेच्या धक्क्याने पाय असे काही काळ लुळे पडतात, चार-पाच दिवसांत ती नीट चालायला लागली. ती कशी उभी होती हे बघायला कोणी नव्हतं, पण बहुतेक झाडाला आडवी असणार, म्हणजे चारही पाय साधारण एकाच वर्तुळावर. आणि रेडकाचे पुढचे-मागचे पाय एवढे जवळ की फरक कमी पडला असणार, असं माझं मत आहे.

लोक मला विचारतात की जुलैत एवढा पाऊस कोसळतो तेव्हा असं का होत नाही. भर पावसाळ्यातले आपले ढग पाण्याने भरलेले असतात पण फार उंच चढत नाहीत. वीज तयार व्हायला ढग सात-आठ किलोमीटरच्या वर, जिथे तापमान गोठणबिंदूच्या खूप खाली असतं तिथपर्यंत, जायला लागतो, तिथे बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात आणि भार वेगळे होतात. मे महिन्यात आणि परत ऑक्टोबरात ऊन कडक, हवा दमट, घाटावर दुपारी ढग उभे राहतात. ऑक्टोबरात ते पूर्वेकडून खाली आपल्याकडे सरकतात. सकाळ स्वच्छ असते म्हणून माणूस गाफील राहतो आणि चार वाजता आभाळ फाटतं.

तर मग गुरं न्यायची कुठे, हा म्हाताऱ्याचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं झाडाखाली नाही म्हणजे नाही, भिजू देत. सड्यावरून खाली सखल भागात उतरवा, कळप एकत्र खेटू देऊ नका. लखलखाट आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हाच निघायचं, पाऊस सुरू व्हायची वाट बघायची नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं दामिनी ॲप पोराच्या मोबाइलवर तिथेच टाकून दिलं, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं.

पण म्हाताऱ्याचा नातू म्हणाला की खाली उतरायची जवळची वाट बागेतून जाते आणि तिथलं बेडं, म्हणजे फाटक, कुलूप लावून बंद असतं, लांबच्या वाटेने उतरायला पाऊण तास लागतो, म्हणून तर तो काल आभाळ भरून आल्यावर गुरं वरच सोडून एकटा पळत घरी आला. हे ऐकल्यावर मी बागायतदाराकडे वळले आणि स्पष्ट विचारलं, ऑक्टोबर आणि मे, दोन महिने, दुपारनंतर कुलूप काढून ठेवाल का. रोपं तुडवली तर काय, असं तो म्हणाला. दोन्ही बाजूंना कुंपण म्हातारा घालून देईल असं ठरलं, काठ्या बागायतदाराच्या, मेहनत धनगरांची, आणि पोलिसाने ते आपल्या डायरीत लिहून घेतलं. कुंपण डिसेंबरात झालं. मे लागला की मी वर जाऊन बेडं उघडं आहे का ते बघून येते.