माझा अनुभव : जुनी बेस गिटार आणि पुढचा गुरुवार

जूनच्या पहिल्या आठवड्यात कोथरूडमधील एका विद्यार्थ्याकडून मी एक जुनी बेस गिटार साडेआठ हजार रुपयांना विकत घेतली. चार तारा, दोन पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या गुंडाळ्या), व्हॉल्यूमची दोन आणि टोनचे एक बटण, अशी ती फेंडर कंपनीने १९६० साली आणलेल्या जॅझ बेसच्या घडणीची नक्कल होती. डोक्यावरचे मूळ नाव मात्र कोणीतरी ब्लेडने खरवडून काढलेले होते. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होतो आणि त्यातील बेसची बाजू गेली तीन वर्षे कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर भागवली जात होती, म्हणून हा खटाटोप.

साफसफाईबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पडद्यांवरचा, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवरचा (फ्रेट), हिरवट थर गेला, शिसवीसारख्या काळसर पट्टीला थोडे तेल दिले, किल्ल्यांचे स्क्रू आवळले. मान पुढे वाकली होती, पण तेही दोन दिवसांत आटोपले. जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि सातव्या पडद्यापाशी किती फट राहते ते गॅरेजमध्ये टॅपेट लावताना वापरतात त्या फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजायचे. माझी फट ०.८ मिलिमीटरच्या आसपास होती, ती मी ०.३५ वर आणली. मानेचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईला पाच मिलिमीटरची चावी आत जात नव्हती आणि साडेचारची सैल फिरत होती, तेव्हा ती इंचाच्या मापाची, म्हणजे ३/१६ इंचाची आहे हे ध्यानात आले. ही चावी बोहरी आळीत तिसऱ्या दुकानात मिळाली. सैल चावीने जोर लावून सळईच्या टोकाचे कोपरे झिजवले, तर ते दुरुस्त करण्यापेक्षा दुसरी मान शोधणे सोपे पडते. एका वेळी पाव फेरा, आणि मग रात्रभर थांबणे. पावसाळ्यात तर नक्कीच.

खरी अडचण आवाजाची होती. ॲम्प्लिफायर सुरू केला की एक अखंड घुंकार येई. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी सुमारे ४९ हर्ट्झचा, त्यामुळे तो सूर लांबवला की घुंकार आणि सूर एकमेकांत मिसळून सेकंदाला एकदा हेलकावत. हे ऐकायला एकदा गमतीचे वाटते, दुसऱ्यांदा वाटत नाही. त्या वेळी मी स्वतः कंट्रोलची पट्टी उघडून पाहायला हवे होते, पण सोल्डरिंग हातचे सुटून वीस वर्षे झाली होती, म्हणून जूनअखेरीस एका गुरुवारी मी ती शहरातील एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात नेली. पाचशे रुपये आगाऊ घेऊन त्यांनी मला गुलाबी कार्बनची पावती दिली. तिच्यावर तक्रारीच्या रकान्यात लिहिले होते : "गिटार – आवाज येतो."

पुढच्या गुरुवारी गेलो, तर कारागीर गावाला गेलेले. त्यापुढच्या गुरुवारी त्यांनी सांगितले, "पिकअप गेलाय साहेब, मुंबईहून मागवलाय." कोणता पिकअप, पुढचा की मागचा, असे विचारल्यावर ते क्षणभर गिटारकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "दोन्ही." गिटार भात्याला भोक पडलेल्या एका पेटीशेजारी खुंटीवर टांगलेली होती, मी बांधलेला कापडी पट्टा, त्यावरची गाठसुद्धा, जशीच्या तशी होती. चौथ्या आठवड्यात पार्सल वाटेत होते, पाचव्या आठवड्यात पावसाने वाट अडवली. सहाव्या गुरुवारी निदानच बदलले. "दोष गिटारमध्ये नाही, तुमच्या घरच्या लाइटमध्ये आहे. अर्थिंग बघून घ्या."

हे मान्य करायला मला जड जाते, पण या शेवटच्या वाक्यात अर्धे तथ्य होते. घरी येऊन मल्टिमीटर लावला, तेव्हा ज्या प्लगवर मी ॲम्प्लिफायर लावत असे तिथे फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट होते, पण फेज आणि अर्थमध्ये जेमतेम ९० दाखवत होते. वायरमनने फळी उघडली, तर हिरवी तार तुटून मागे लोंबत होती. ज्यांना गिटारची काहीच दुरुस्ती करायची नाही त्यांनीही हे एवढे तपासून घ्यावे, कारण गिटारच्या तारा केबलमार्गे ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि अर्थिंग नसताना सांगाड्यात वीज उतरली, तर ती वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोहोचते. ओठ माइकला लागलेले असतील तर आणखी वाईट.

सातव्या गुरुवारी मी पिशवीत मल्टिमीटर घेऊन गेलो. अशा पिकअपच्या गुंडाळीचा रोध साधारण सात-आठ किलोओहम भरतो आणि गुंडाळी तुटली असेल, तर मीटर काहीच दाखवत नाही. माझा बेत त्यांच्यासमोरच कंट्रोलची पट्टी उघडून दोन्ही मोजण्याचा होता. कारागीर दुखावले. "मग तुम्हीच करा ना," असे म्हणून त्यांनी गिटार खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. गणपती दहा दिवसांवर आले होते.

त्या रात्री कंट्रोलची पट्टी उघडली. एक पिकअप ७.४, दुसरा ७.७; दोन्ही ठणठणीत. मग एक गोष्ट लक्षात आली, जी पहिल्या दिवशीच यायला हवी होती. निरोगी गिटारमध्ये तारांना हात लावला की घुंकार कमी होतो, कारण आपले शरीर भोवतालचा विजेचा गोंगाट झेलत असते आणि हात लागताच ते अर्थला जोडले जाते. माझ्या गिटारमध्ये तारांना हात लावून काहीच फरक पडत नसे. केबल जिथे खोचतात त्या जॅकच्या धातूला बोट लावले की मात्र घुंकार कमी होत असे. म्हणजे जॅकपर्यंत सारे ठीक होते आणि जॅकपासून तारांपर्यंतचा दुवा तुटलेला होता. जोडणी सलग असली की मीटर बीप करतो. त्याचे एक टोक जॅकवर, दुसरे ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीवर ठेवले, बीप नाही.

तारा सैल करून ब्रिजचे पाच स्क्रू काढले. कोणीतरी पूर्वी जुना ब्रिज काढून काळा बसवला होता. खालच्या भोकातून वर आलेले, इंचभर सोललेले तारेचे टोक व्यवस्थित जागेवर होते, पण नव्या ब्रिजची खालची बाजूही काळ्या रंगाने रंगवलेली होती आणि तार इतकी वर्षे त्या रंगावर टेकून बसली होती. पॉलिशपेपरने रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडला, तारेचे धागे पंख्यासारखे पसरले, ब्रिज परत आवळला. बीप. तारा काढल्यापासून परत स्वरात लावेपर्यंत चाळीस मिनिटे.

त्यानंतर उरलेले बदल जणू रागाच्या भरात उरकले. तपकीर गल्लीतून २५० किलोओहमचे तीन नवे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते रोधक) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. तिथले लहान पॉट गिटारच्या मोठ्या भोकात डुगडुगतात, तेव्हा वॉशर सोबतच घ्यावेत. मला त्यासाठी दुसरी फेरी पडली. आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावली. एकच पिकअप सुरू असताना थोडा घुंकार अजूनही येतो, पण तो या जातीचा स्वभाव आहे. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की दोन्ही गुंडाळ्या एकमेकींचा घुंकार खोडतात. वायरी सोडवण्याआधी फोटो काढून ठेवावा, हे मी इथे उशिरा सांगतो आहे, कारण मलाही ते उशिराच सुचले. तारा चपट्या वेटोळ्यांच्या घेतल्या. बोट सरकताना त्या कर्कशत नाहीत आणि जुन्या गाण्यांना त्यांचा गोल, बोथट आवाज शोभतो. मात्र त्यांचा ताण जास्त निघाला आणि मानेच्या सळईला आणखी पाव फेरा द्यावा लागला.

कार्यक्रमात तिसऱ्या पडद्यावरचा तो जी मी मुद्दाम लांबवला. आगाऊ दिलेले पाचशे रुपये परत मागण्यासाठी मधल्या काळात दुकानात फोन केला होता. त्यांनी पुढच्या गुरुवारी पावती घेऊन यायला सांगितले आहे.