कागद दाखल झाला म्हणजे शाबीत झाला असं नसतं हो

दिवाणी दाव्यात पक्षकारांचा सगळ्यात घट्ट गैरसमज कुठला म्हणाल तर हाच, की कागद एकदा कोर्टात दिला की काम झालं. दाव्यासोबत यादीनं ढीगभर कागद लावलेले असतात, निम्मे झेरॉक्स, आणि पुराव्याची तारीख आली की वकील विचारतो, यातला कुठला कागद कोण शाबीत करणार, म्हणजे खरा ठरवून दाखवणार? तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात.

दाखल होणं ही नुसती पहिली पायरी. मग तो साक्षीदारामार्फत पुढे येतो, त्याला निशाणी पडते म्हणजे एक्झिबिट नंबर मिळतो. पण निशाणी पडली म्हणजे शाबीत झाला असंही नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1971 सालीच सांगून ठेवलंय. सही कुणाची, मजकूर कुणाचा, आणि त्यात लिहिलंय ते खरं कशावरून, हे प्रश्न उरतातच.

समजा हातउसने पैसे दिल्याची पावती आहे. 2002 पासून सरतपास, म्हणजे साक्षीदारानं आपल्या बाजूनं द्यायची पहिली साक्ष, शपथपत्रावर होतो, त्यामुळे वादी छान टाईप केलेलं अॅफिडेव्हिट देतो, पावती खरी आहे वगैरे. मग उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलाचे प्रश्न.

"ही सही तुमच्यासमोर झाली का?"

"नाही, भावानं करून आणली."

"भाऊ साक्षीला येणार आहेत?"

"ते इथं नसतात."

झालं. आता भावाला आणा, नाहीतर ती सही ओळखणारा कुणीतरी आणा, नाहीतर हस्ताक्षर तज्ज्ञाकडे जा. हा सगळा व्याप टाळायचा सरळ मार्ग म्हणजे समोरच्याची कबुली, कारण कबूल केलेली गोष्ट शाबीत करावी लागत नाही. कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, नुसतं मोघम "नाकबूल" लिहून भागत नाही, प्रत्येक गोष्ट नेमकी नाकारावी लागते, आणि शिवाय सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, ऑर्डर 12 मध्ये समोरच्याला "हे कागद कबूल करा" अशी नोटीस द्यायची सोय आहे. ती नोटीस फारसं कोणी काढत नाही, का ते देव जाणे.

आता हरकतीचं बघा, कारण खरी गंमत इथे आहे आणि अनुभवी वकीलसुद्धा इथे डुलक्या घेतात. हरकत दोन जातीची. एक म्हणजे हा कागद पुराव्यात मुळात चालतच नाही. रजिस्टर न केलेलं खरेदीखत मालकी दाखवायला आणलं तर ते चालत नाही, आणि ही हरकत पुढे अपिलातही घेता येते. दुसरी जात म्हणजे कागद चालतो पण शाबीत करायची पद्धत चुकली, उदाहरणार्थ मूळ कागद कुठे गेला, हरवला की समोरच्याच्या ताब्यात आहे, यातलं काहीच न सांगता झेरॉक्स पुढे केली. ही हरकत त्याच क्षणी घ्यायची, निशाणी पडायच्या आधी. तेव्हा गप्प बसलात तर नंतर बोलायची सोय नाही, 2003 च्या वेंकटाचल गौंडर निकालात हे नीट फोड करून सांगितलंय. कारणही पटण्यासारखं आहे, वेळेवर हरकत आली असती तर समोरच्यानं मूळ कागद तरी आणला असता. स्टॅम्प कमी असल्याची हरकतही वेळेतच घ्यायची, कागद एकदा पुराव्यात घेतला गेला की ते दार बंद.

व्हॉट्सअॅप चॅट, सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्डिंग याबद्दल तर रोज कोणीतरी विचारतं. नुसते स्क्रीनशॉट प्रिंट काढून चालत नाही, सर्टिफिकेट लागतं, जुन्या पुरावा कायद्यात कलम 65 ब चं आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक पक्षकारानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलची ओळख पटवणारा कोड, तीपण लिहायची. मूळ फोन ज्याचा आहे त्यानं स्वतः पिंजऱ्यात येऊन तो हजर केला तर सर्टिफिकेटची गरज नाही. 2020 चा यावरचा मोठा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आलाय, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर हा वाद होता आणि व्हिडिओ सरकारी ऑफिसातले. अधिकारी मागूनही सर्टिफिकेट देईनात. कोर्ट म्हणालं, सर्टिफिकेट लागतंच, पण पक्षकारानं मिळवायला शक्य ते सगळं केलं असेल तर त्याला अडवायचं नाही. माझ्या मते हा निकाल वाचल्याशिवाय कोणी पेनड्राईव्ह घेऊन कोर्टात जाऊच नये.

मृत्युपत्राचा नियम वेगळाच. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यातला निदान एक, हयात आणि साक्ष द्यायच्या स्थितीत असेल तर, कोर्टात आणावाच लागतो. रजिस्टर केलेलं असलं तरी. तीस वर्षं जुना कागद योग्य ताब्यातून आला तर सही खरी धरता येते हा नियम आहे, पण तो मृत्युपत्राला लागू नाही. लोक इथे हमखास फसतात.

आणि ज्यांना वाटतं की आपण घरी बसू, मुखत्यार, म्हणजे आपण अधिकारपत्र दिलेला माणूस, साक्ष देईल, त्यांनी जरा थांबावं. ज्या गोष्टी फक्त तुम्हाला माहीत आहेत त्या मुखत्यार तुमच्या वतीनं सांगू शकत नाही. स्वतःची बाजू शपथेवर सांगायला पक्षकार पिंजऱ्यात आलाच नाही तर त्याचं म्हणणं खरं नाही असं कोर्ट अनुमान काढू शकतं, 1999 चा विद्याधर विरुद्ध माणिकराव निकाल त्यावरचाच, आणि समोरचा वकील युक्तिवादात बहुतेक वेळा सुरुवातच तिथून करतो.