पेठेतल्या तालमीचा हौद वाचवायचा तर

पुण्याच्या पेठांत तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे. वस्ताद, पठ्ठे, मारुती आणि गणपतीचं मंडळ, सगळं त्याच एका खोलीभोवती जमलेलं. शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम १७८३ची, म्हणजे १८८६च्या मंडईपेक्षा शंभर वर्षांनी मोठी. मानाचा तिसरा गणपती १८८७ साली शिंदे आणि नालबन, एक हिंदू आणि एक मुसलमान घराणं, यांनी मिळून गुरुजी तालमीत बसवला. गणपती आजही बसतो, तालीम मात्र राहिली नाही. नाव तेवढं उरलं. इतर तालमींचं असं होऊ नये असं मनापासून वाटतं, आणि त्यासाठी आधी हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा खड्डा, सांभाळावा लागतो.

२० बाय २० फुटांचा, अडीच फूट खोल हौद भरायला १००० घनफूट, म्हणजे १० ब्रास माती लागते. ती पुढे बसते, तेव्हा ११-१२ ब्रास मागवा. माती तांबडी, बारीक पोताची हवी. काळी नको, ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. सगळी चाळून घ्या, एक खडा राहिला तरी कोपर सोलून निघतं. तळाला मुरूम टाका, काँक्रीट नको. पाणी मुरायला वाट नसेल तर खालची माती आंबते आणि उकरली की वास मारते.

मग मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, कुठे तूप आणि काव (गेरू). माप प्रत्येक वस्तादाचं वेगळं. तेलाने धूळ खाली बसते आणि ओल टिकते. हळद-कापूर घालतात ते कातडीसाठी. तेल थेट हौदात ओतलं तर गोळे होतात, म्हणून ते आधी पाटीभर मातीत कालवायचं आणि मग ती माती पसरायची. ओल तपासायला मूठभर माती आवळा. गोळा वळला आणि बोट लावताच फुटला तर ठीक. हाताला चिकटली तर पाणी जास्त झालंय, आणि गोळाच वळला नाही तर कोरडी पडलीय. कोरड्या हौदात धूळ छातीत जाते आणि पाठीला मार बसतो. रोज पहाटे वीतभर उकरून खालची माती वर आणलीच पाहिजे. पावसाळ्यात पाणी जवळपास बंद. कुणाला गजकर्ण झालं असेल तर बरं होईपर्यंत त्याने हौदात उतरायचं नाही. यात भीड ठेवू नये.

आता भिंती. जुन्या तालमी मुद्दाम बुटक्या ठेवल्यात: जाड दगडमातीच्या भिंती, वाकून जायचं दार, वर लहान झरोके, हौद खोलगट. वारा थेट आत आला की माती सुकते आणि घामेजलेलं अंग गार पडतं. म्हणून उजेडासाठी मोठ्या खिडक्या फोडू नका, दिवे लावा.

खरं दुखणं बाहेरून येतं. रस्त्यावर थरावर थर चढतात, उंबरा रस्त्याच्या खाली जातो आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी आत. दाराबाहेर जाळीचं गटार काढा, उंबरा दगडाने उचला. भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. आतली ओल कोंडते, वर चढते, लोणा, म्हणजे पांढरा खार, फुटतो आणि मागची माती भुसभुशीत होते. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. लाकडी खांबाचा तळखडा, म्हणजे खालचा दगड, उघडा ठेवा. हौदाची माती खांबाला टेकली की वाळवी चढलीच.

पुनर्विकासाच्या बोलण्यात ‘हौद कशाला, आता गादी (मॅट) आली’ असं ऐकू येतं. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन्ही विभाग आहेत, मातीचा पैलवान मग तयार कुठे व्हायचा? करारात नुसतं ‘व्यायामशाळा’ लिहून घेऊ नका. मातीचा हौद, त्याची लांबी, रुंदी, खोली आणि तळमजला हे शब्द हवेत. खाली पार्किंग येणार असेल तर १० ब्रास ओलसर मातीचं वजन ४० टनांच्या आसपास जातं. स्लॅबचं गणित मांडण्याआधीच ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगा, आणि स्लॅबला उतार, वॉटरप्रूफिंग, वर खडीचा थर आणि निचऱ्याचा पाइप नकाशातच दाखवून घ्या.