अस्त्र सोडता येतं, मागे घेता येत नाही

फँटसी कादंबरी हातात घेतली की मी आधी एकच गोष्ट शोधते: या जगातल्या जादूला काय जमत नाही? जादूने काय काय करता येतं याची यादी कुणीही लिहील. लेखकाचा कस लागतो तो नकाराच्या बाजूला.

हे आपल्याला नवीन नाही. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा गवताची काडी मंत्रून ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, समोरून अर्जुनही तेच सोडतो. व्यास आणि नारद मध्ये पडल्यावर अर्जुन आपलं अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारा संयम त्याच्या अंगी नाही, आणि मग तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. कर्णाची वासवी शक्ती तर एकदाच वापरायची. कवचकुंडलं देऊन मिळवलेली, अर्जुनासाठी जपून ठेवलेली, ती रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्च होते. त्या क्षणापासून कर्णाचं काय होणार हे वाचकाला कळून चुकतं, आणि तरीही तो पुढे वाचत राहतो. आजचे वाचक जादूच्या अशा नियमांना ‘मॅजिक सिस्टिम’ म्हणतात, त्यांचे तक्ते करतात. तक्ता नसला तरी चालेल, किंमत मात्र हवी.

उर्सुला ले ग्विनची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मी म्हणूनच सगळ्यांत आधी सुचवते. दहा प्रकरणांचं छोटं पुस्तक. जादू चालते ती वस्तूच्या खऱ्या नावावर, आणि एका बेटावर पाडलेला पाऊस दुसरीकडे दुष्काळ ठरू शकतो, म्हणून जाणता जादूगार शक्यतो काही करतच नाही. गेड हा पोरगा ईर्ष्येपोटी नको ती विद्या करून बसतो. त्यातून एक सावली मोकळी सुटते, त्याच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात, आणि ती फट बुजवताना गुरुकुलातला सर्वांत थोर जादूगार जीव गमावतो. उरलेलं सगळं पुस्तक हीच एक चूक निस्तरण्यात जातं. चारशे पानांची लढाई नाही, तरी श्वास अडकतो.

कादंबरी चाळताना करायची तपासणी सोपी आहे. पहिला चतुर्थांश संपेपर्यंत जादूची एखादी मर्यादा नायकाला नडलेली दिसली पाहिजे. ती कुणी नुसती सांगून भागत नाही. शेवटच्या पन्नास पानांत अचानक नवी शक्ती जागी झाली, तर लेखकाने स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतलंय असं समजावं.

चांगल्या लेखकांचंही इथे चुकतं. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागात (१९९९) काळ मागे नेणारं यंत्र येतं. त्या भागापुरती रचना सुरेख आहे. पण चौथ्या भागात मृत्यू घडतो तेव्हा चौदा वर्षांचा कुठलाही वाचक विचारतो, ते यंत्र कुठे गेलं? पाचव्या भागात (२००३) मंत्रालयातला त्या यंत्रांचा साठाच फुटतो. घडलेलं पुसून टाकणारी वस्तू एकदा कथेत आणली की तिची अशी विल्हेवाट लावावीच लागते. त्याच मालिकेची दुसरी अडचण लांबीची. पहिला भाग इंग्लंडच्या मूळ आवृत्तीत २२३ पानांचा, पाचवा ७६६. मधली दीडशे पानं कापली असती तर माझ्या मते काहीच बिघडलं नसतं.

यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे वायए, किशोरवयीनांसाठीचं लेखन. नायक सोळा वर्षांचा आहे एवढ्याने पुस्तक वायए होत नाही. त्या वयाला परवडणार नाही असा निर्णय त्याला घ्यावा लागतो तेव्हा ते होतं. ‘द हंगर गेम्स’मधला (२००८) हिशोब बघा. जिवावरच्या खेळात कुणाला उतरवायचं याची सोडत निघते: बाराव्या वर्षी तीत नावाची एक चिठ्ठी, मग दर वर्षी एक वाढत जाते, म्हणजे सोळाव्या वर्षी पाच. पण जास्तीची चिठ्ठी टाकली तर एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल मिळतं. नायिका कॅटनिस स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी दर वर्षी तीन जास्तीच्या चिठ्ठ्या टाकते. पाच वर्षांच्या पंधरा, मूळच्या पाच, एकूण वीस. तिच्या मित्राच्या बेचाळीस. राज्यव्यवस्थेवर भाषण नाही, नुसती बेरीज आहे, आणि रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला ती पटकन कळते. नंतर आलेल्या कितीतरी नकलांनी रिंगण उचललं, प्रेमाचा त्रिकोण उचलला, ही बेरीज मात्र सोडून दिली.

मराठीत या वयाची जागा बरीचशी रिकामी आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे ‘ट्टॉक्’ करत सायकलवरून निघून गेला की बऱ्याच घरांत मुलांच्या हाती थेट ‘मृत्युंजय’ (१९६७) पडतं. मला ते वायएच वाटतं: आपल्या कानांतली कुंडलं इतरांना का नाहीत असं विचारणारा मुलगा, आणि कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण अशी आळीपाळीने ‘मी’ म्हणून बोलणारी माणसं. तेरा वर्षांच्या वाचकाला भाषा जड जाते हे खरं. एका वेळी एकाच निवेदकाचा भाग वाचू द्यावा.

अनुवादांबद्दल थोडं सविस्तर. ‘विझर्ड’ला जादूगार म्हटलं की पुणेकराला रंगमंचावरचे जादूगार रघुवीर आठवतात. मांत्रिक म्हटलं की लिंबू-मिरची येते. ‘वाँड’ची छडी केली की मास्तर उभे राहतात. यांतला जादूगार मी चालवून घेते, कारण पाच-दहा पानांत तो शब्द नव्या अर्थाला सरावतो. ‘एल्फ’चा यक्ष किंवा गंधर्व मात्र करू नये, त्यांच्या मागे त्यांच्या स्वतःच्या कथा आहेत.

खरी कसोटी सर्वनामाची. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत पहिल्याच संवादात ठरवावं लागतं: म्हातारा गुरू पोराला ‘तू’ म्हणणार, पोरगा त्याला ‘तुम्ही’ की ‘आपण’? सोळा वर्षांची मुलं-मुली पहिल्या भेटीतच ‘तू’ म्हणतात, कुठल्याही क्लासबाहेर दोन मिनिटं उभं राहून ऐका. त्यांच्या तोंडी ‘तुम्ही’ घातलं की प्रेमकथेचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम होतो. उलट, फितूर झालेल्या गुरूला शिष्य पहिल्यांदा ‘तू’ म्हणतो, तो घाव मराठीत एका अक्षरात बसतो आणि अस्त्रासारखाच मागे घेता येत नाही. अनुवादकाने तो आधीच्या पानांवर चुकून उधळलेला नसावा.

मालिका प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. ‘नार्निया’च्या आजच्या संचांत १९५५ चं पुस्तक पहिलं लावलेलं असतं. त्यापासून सुरुवात केली तर १९५० च्या पुस्तकातला बर्फातला एकाकी दिव्याचा खांब कोडं म्हणून उरतच नाही.

फूटपाथवरची पायरेटेड प्रत फँटसीसाठी तरी घेऊ नये. नकाशा काळा डाग होऊन येतो, जाड पुस्तकाचा डिंक मधोमध सुटतो, आणि सोळा पानांचा आख्खा फॉर्म, म्हणजे एकत्र छापलेला जुडगा, गायब किंवा दोनदा असू शकतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दुकानात उभ्याने बघायला मिळतं, तर मलपृष्ठ सोडा. नकाशा उघडा, त्यावरची बारीक नावं वाचता येतात का बघा. मग मधलं एखादं संवादाचं पान काढून ओठांतल्या ओठांत वाचा, कोण कुणाला ‘तू’ म्हणतंय ते ऐकत.