आबाजींची जीप आज बोलली!
राजेहो, आज सांगितल्याशिवाय राहवत नाही. आबाजींच्या सीजे-थ्री-बी जीपचं काम दोन वर्षांपासून चालू आहे न, तिचा ओरिजिनल कार्टर वायएफ कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा अन् पेट्रोल मिसळणारा भाग) शेवटी नागपूरच्या एका भंगारवाल्याकडे भेटला, तसाच एसटीत मांडीवर घेऊन आलो. सगळे म्हणत होते डिझेल इंजिन टाक, अॅव्हरेज देते, पण मन नाही झालं. या जीपचं बोनेट उंच आहेच मुळात तिच्या हरिकेन नावाच्या पेट्रोल इंजिनमुळे, त्याचा इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारी झडप) वर हेडमध्ये अन् एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारी झडप) खाली ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिनच उंच. तेच काढलं तं उरते काय? संध्याकाळी सेल्फ मारला, तिसऱ्यांदा घेतलं. बाबा कापसाचं गाठोडं टाकून धावत आले, बोनेटवर हात ठेवून उभे राहिले नुसते.