तीन राउटर, चौदा माणसं : आमची वाटचाल

आमच्या ऑफिसचा पहिला राउटर आम्ही निवडलेला नव्हता. इंटरनेटची लाइन घेतली तेव्हा तो तिच्याबरोबर आला, भिंतीवर चढला आणि पुढची चार वर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, माझा भागीदार आणि ज्यांना आजही सगळे काका म्हणतात ते आमचे पहिले ड्राफ्ट्समन. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करून द्यायची, हे आमचं काम. फाइली कोपऱ्यातल्या सर्व्हरवर असायच्या आणि काम करायचं तर ऑफिसात यायचं. बाहेरून आत शिरायची गरजच पडत नव्हती.

ती पडली 2020 च्या मार्चमध्ये. तोवर आम्ही आठ जण झालो होतो आणि आठही जण एका आठवड्यात आपापल्या घरी बसले. कामं हातात होती, तारखा ठरलेल्या होत्या. आम्ही त्या वेळी सर्वांत सोपं वाटलं ते केलं. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे आत यायचं एक क्रमांकाचं दार, फॉरवर्ड करून ऑफिसच्या संगणकाचं रिमोट डेस्कटॉप (दुरून तो संगणक वापरायची सोय) थेट इंटरनेटवर उघडलं. 3389 हा नेहमीचा पोर्ट न ठेवता दुसरा नंबर दिला, म्हणजे कुणाला सापडणार नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. सांगणाऱ्याने मनापासूनच सांगितलं होतं. पण जगातल्या सगळ्या आयपीव्ही4 (इंटरनेटवरच्या नेहमीच्या) पत्त्यांवर एखादा पोर्ट उघडा आहे का हे एका चांगल्या लाइनवरून तासाभराच्या आत तपासता येतं, हे झेडमॅप या शोधसाधनाने 2013 मध्येच दाखवून दिलं होतं. नंबर बदलल्याने दार लपत नाही. शोधणाऱ्याला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच.

सात महिन्यांनी एका सोमवारी सर्व्हरवरच्या एकूण एक फाइलींची नावं बदललेली दिसली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी होती. एका जुन्या खात्याचा पासवर्ड कच्चा राहिला होता, तिथून कुणीतरी आत आलं. आम्ही पैसे दिले नाहीत. बॅकअपची एक डिस्क काढून कपाटात ठेवलेली होती, तिच्यावर नऊ दिवसांपूर्वीपर्यंतचं काम सुखरूप मिळालं. मधल्या नऊ दिवसांची ड्रॉइंग पुन्हा काढली. काकांनी त्यातली निम्मी कागदावरच्या टिपणांवरून उभी केली. हे इतक्या तपशिलाने लिहिते आहे, कारण व्हीपीएन राउटरचा, म्हणजे घरून ऑफिसात येण्यासाठी इंटरनेटमधून खाजगी, बंद वाट काढून देणाऱ्या राउटरचा विषय आमच्याकडे या सोमवारी सुरू झाला.

दुसरा राउटर आम्ही चार दिवसांत घेतला आणि घाईत जे व्हायचं ते झालं. आधी जो डबा घ्यायला निघालो होतो त्याच्या माहितीत व्हीपीएन हा शब्द होता, पण पुढे ‘पासथ्रू’ लिहिलं होतं. ऑफिसात बसलेल्या माणसाने बाहेरच्या कुठल्या व्हीपीएनला जोडणी केली तर राउटर ती अडवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही डब्यांवर व्हीपीएन क्लायंट असतो. म्हणजे राउटर स्वतः दुसरीकडे जोडला जातो. आम्हाला हवा होता व्हीपीएन सर्व्हर, घरून येणाऱ्या माणसाला ओळखून आत घेणारा. हे तीन शब्द वेगळे आहेत हे ज्याने आम्हाला वेळेवर सांगितलं, त्या नेटवर्क बघणाऱ्या मुलाला पुढे आम्ही कायमचं काम दिलं.

घेतला त्या राउटरमध्ये सर्व्हर होता. त्यात ही वाट बांधायच्या पद्धतींचे तीन पर्याय दिसत होते: पीपीटीपी, एल2टीपी आणि ओपनव्हीपीएन. पीपीटीपी जोडायला सगळ्यात सोपं, म्हणून भागीदाराचा कल तिकडे होता. पण त्यातली ओळख पटवण्याची पद्धत 2012 मध्ये जाहीरपणे मोडून दाखवली गेली होती आणि ॲपलने 2016 मध्ये आपल्या फोन आणि संगणकांमधून पीपीटीपी काढूनच टाकलं होतं. जे कुलूप सगळ्यांसमोर उघडून दाखवलं गेलं आहे ते पुन्हा दाराला लावायचं नाही, एवढं तरी आम्हाला त्या सोमवाराने शिकवलं होतं. ओपनव्हीपीएन सुरू केलं.

ते सुरक्षित होतं, पण चालेना. डब्यावर मोठ्या अक्षरांत जो वेगाचा आकडा होता तो वायफायचा. आमची लाइन 100 एमबीपीएसची आणि टनेलमधून, म्हणजे व्हीपीएनच्या त्या बंद वाटेतून, मिळत होते जेमतेम 12. राउटरचं काम म्हणजे माहितीची पाकिटं इकडून तिकडे ढकलणं, त्यासाठी आत वेगळी सोय असते. टनेलमध्ये मात्र प्रत्येक पाकीट एन्क्रिप्ट करावं लागतं, म्हणजे दुसऱ्याला वाचता येणार नाही असं बदलावं लागतं, आणि ते काम त्या छोट्या प्रोसेसरच्या अंगावर येतं. ओपनव्हीपीएन त्यात प्रोसेसरच्या एकाच भागावर (कोअरवर) चालत होतं. तिघं जोडले की चौथ्याला वाट पाहावी लागायची. उत्पादकाच्या माहितीपत्रकात व्हीपीएनचा वेग वेगळ्या ओळीत, लहान अक्षरांत दिलेला असतो. आम्ही तो वाचलाच नव्हता. वाचला तरी तो सर्वांत अनुकूल स्थितीत, मोठ्या पाकिटांवर मोजलेला असतो, म्हणून आता आम्ही त्याचा निम्मा धरून चालतो.

तरीही दोन वर्षं त्याच्यावर काढली. तो बदलायला लावला एका तारखेने. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आम्ही तो विकत घेण्याच्याही आधीचं होतं. दुकानात तो नवा होता, बनवणाऱ्याच्या लेखी संपलेला. 2018 मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने 54 देशांतले किमान 5 लाख राउटर आणि स्टोरेजची उपकरणं ताब्यात घेतली होती, आणि त्यांतली बरीचशी लहान ऑफिसं नि घरांतलीच होती. ज्या डब्याला दुरुस्ती मिळणार नाही, त्याच्यावर आपलं सगळं येणं-जाणं सोपवून झोप लागत नाही. मला तरी लागत नव्हती.

तिसऱ्या वेळी आम्ही ठरवलं की आधी स्वतःचं काम मोजायचं, मग राउटर बघायचा. एक आठवडा प्रत्येकाने वहीत लिहिलं: घरून काय उघडलं, किती वेळ लागला, कुठे अडलं. त्या वहीतून जे निघालं ते मला अजून महत्त्वाचं वाटतं.

पहिली गोष्ट अपलोडची. घरी बसलेला माणूस सर्व्हरवरची फाइल उघडतो तेव्हा त्याच्यासाठी ते डाउनलोड असतं, पण ऑफिसच्या लाइनसाठी अपलोड. आमची लाइन खाली 100 आणि वर 10 होती. 80 एमबीची असेंब्ली (सगळे सुटे भाग जोडलेलं ड्रॉइंग) म्हणजे 640 मेगाबिट, वर जायला 64 सेकंद, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर. जगातला कुठलाही राउटर हे आकडे बदलू शकत नाही. आम्ही राउटरच्या आधी लाइन बदलली, दोन्हीकडे सारखा वेग असलेली घेतली.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. लाइन बदलल्यावरही असेंब्ली उघडायला वेळ लागतच होता. कॅडची, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची, असेंब्ली ही एक फाइल नसते. ती उघडताना शंभरेक सुट्या भागांच्या फाइली एकामागून एक शोधल्या जातात आणि प्रत्येकीसाठी सर्व्हरशी कितीतरी वेळा विचारणा-उत्तर होतं. ऑफिसात एका फेरीला मिलिसेकंदही लागत नाही. घरून 30 मिलिसेकंद लागतात. हजार फेऱ्या झाल्या की 30 सेकंद केवळ जाण्या-येण्यात जातात, मग वेग कितीही असो. याचा उपाय राउटरमध्ये नाही. आम्ही फाइल घरी खेचणं बंद केलं. घरून व्हीपीएनने आत यायचं आणि ऑफिसातल्या आपल्याच संगणकाचा पडदा रिमोट डेस्कटॉपवर बघायचा. फाइल हलतच नाही, फक्त चित्र हलतं. म्हणजे ज्या रिमोट डेस्कटॉपने आम्हाला बुडवलं होतं तेच परत आलं, पण आता ते इंटरनेटवर उघडं नव्हतं, टनेलच्या आत होतं. यामुळे राउटरकडून लागणारा वेगही एकदम कमी झाला. वही लिहिली नसती तर आम्ही गरजेपेक्षा कितीतरी मोठा राउटर घेऊन बसलो असतो आणि तक्रार तशीच राहिली असती.

मग राउटर. वायफाय नसलेला घेतला. वायफाय देणारा ॲक्सेस पॉइंट छताला वेगळा. दोन्ही एकाच डब्यात असले की एक जुनं झालं की दोन्ही बदलावे लागतात, आणि राउटरची जागा तारांच्या कपाटात असते, वायफायची नाही. दोन लाइन लावता येतील असा पाहिला. पाहुण्यांचं वायफाय, छपाईयंत्रं आणि सर्व्हर यांना व्हीलॅनने, म्हणजे त्याच तारांवर वेगवेगळी नेटवर्क मांडून, वेगळं करता येईल हेही पाहिलं. दर वर्षी परवाना नूतनीकरण केल्याशिवाय व्हीपीएन चालत नाही असे राउटर सोडून दिले. ते वाईट असतात असं नाही, पण एखाद्या महिन्यात बिल भरायचं राहिलं म्हणून माणसं बाहेर अडकावीत हे आमच्यासारख्या ऑफिसला परवडणारं नाही.

सगळ्यांत जास्त वाद प्रोटोकॉलवर, म्हणजे टनेल बांधायच्या पद्धतीवर झाला. आयकेईव्ही2 फोन आणि संगणकांमध्ये आधीपासून असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. वायरगार्ड ही दुसरी पद्धत मार्च 2020 मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या) 5.6 आवृत्तीत आली. त्याचा कोड अगदी थोडा, काही हजार ओळींचा, आणि साध्या प्रोसेसरवरही ते चांगलं धावतं. आमच्या नव्या राउटरवर दोन्ही होती. पंधरा दिवस निम्म्यांनी एक, निम्म्यांनी दुसरं वापरलं. फोनच्या हॉटस्पॉटवरून घरच्या वायफायवर गेलं तरी वायरगार्ड तुटत नव्हतं, आणि त्यानेच निकाल लागला. वायरगार्ड माणसाला लॅपटॉपमध्ये साठवलेल्या गुप्त किल्लीवरून ओळखतं. म्हणून भागीदाराची एक हरकत मात्र खरी होती: “लॅपटॉप चोरीला गेला तर किल्लीही गेली. पासवर्ड तर विचारतच नाही हे.” वायरगार्डमध्ये ओटीपीची सोय नाही. म्हणून आत आल्यानंतर संगणकावर लॉगिन करताना ओटीपी लावला आणि लॅपटॉपच्या डिस्क एन्क्रिप्ट केल्या. प्रत्येक उपकरणाला स्वतःची किल्ली आहे. कुणी सोडून गेलं की त्या एका किल्लीची ओळ पुसायची, बाकी कुणाला काही कळतही नाही. एल2टीपीत सगळ्यांची एकच सामायिक किल्ली असते तशी आमचीही असती, तर एकाच्या जाण्याने चौदा ठिकाणी बदल करावा लागला असता.

बसवल्याच्या दिवशी तेरा जण आत आले, एक जण आली नाही. टनेल जोडलेलं दिसत होतं, सर्व्हर सापडत नव्हता. तिच्या घरच्या नेटवर्कचे पत्ते 192.168.1 ने सुरू होणारे आणि ऑफिसचेही तेच. तिचा लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधत होता. तिच्या घरचा पत्ता बदलून भागलं असतं, पण उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी हेच झालं असतं. त्या शनिवारी ऑफिसचंच नेटवर्क 10 ने सुरू होणाऱ्या, कुणाच्या घरी सहसा नसणाऱ्या पत्त्यांवर नेलं. नवं ऑफिस मांडत असाल तर हे पहिल्या दिवशीच करून टाका, नंतर प्रत्येक छपाईयंत्राचा पत्ता हाताने बदलत बसावं लागतं.

गेल्या वर्षी चार जणांचं दुसरं ऑफिस सुरू केलं. तिथल्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.72 ने सुरू होणारा दिसला. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते सेवा पुरवणाऱ्याच्या आतल्या वापराचे, म्हणजे एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. अशा ठिकाणी बाहेरून जोडणी येऊच शकत नाही. आम्हाला ते चाललं, कारण दोन ऑफिसांपैकी एकाकडे स्थिर सार्वजनिक पत्ता असला की पुरतो. दुसऱ्याने आपणहून हाक मारायची आणि दर 25 सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवून वाट उघडी ठेवायची.

तिथेच एकदा वीज गेली आणि परत आल्यावर टनेल काही केल्या जुळेना. दोन तास गेले. त्या राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नव्हती, वीज येताच तो जुन्या तारखेवर उठला होता. वायरगार्ड आधीपेक्षा जुनी वेळ घेऊन आलेली हाक नाकारतं. जुनं पाकीट जपून ठेवून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून ती व्यवस्था आहे. राउटरला वेळ विचारायचा सर्व्हर दिलेला होता, पण तो टनेलच्या पलीकडचा, मुख्य ऑफिसातला होता. टनेल जुळल्याशिवाय वेळ मिळेना, वेळ मिळाल्याशिवाय टनेल जुळेना. वेळेचा सर्व्हर बाहेरचा दिला आणि राउटरला यूपीएस जोडला.

काका आता आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात. सकाळी राउटरच्या पानावर त्यांच्या नावापुढे शेवटचा हँडशेक, म्हणजे टनेलने दोन्हीकडची ओळख शेवटची कधी पटवली ती वेळ, दिसतो. काम चालू असेल तर तो दोनेक मिनिटांपेक्षा जुना नसतो. कपाटात त्याच मॉडेलचा दुसरा राउटर ठेवला आहे, त्याच्यावर मुख्य राउटरची मांडणी (सगळी सेटिंग) दर महिन्याला उतरवतो. दर तिमाहीला एका शनिवारी मुख्य काढून हा लावतो आणि सगळ्यांनी घरून आत येऊन दाखवायचं असतं. मागच्या खेपेला अदलाबदल 11 मिनिटांत झाली, पण दुसऱ्या लाइनची जोडणी लागली नाही. तिचा पासवर्ड मांडणीच्या फाइलीत उतरलाच नव्हता. तो आता कागदावर लिहून डब्याच्या आत ठेवला आहे आणि कपाटाची किल्ली भागीदाराकडे आहे.