तुम्ही विचारलेत म्हणून : व्रत आणि राहून गेलेले लग्न

मिरजेत आमच्या सोप्यावर दर गुरुवारी संध्याकाळी दासबोधाचे वाचन होते. गेली 19 वर्षे ते मी करते आहे, आणि आरती झाल्यावर हातावर खडीसाखर ठेवताना वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी विचारतेच, "बाई, तुम्ही परमार्थासाठीच लग्न केलं नाहीत ना?" विचारणाऱ्याच्या स्वरात इतका आदर असतो की, खरे उत्तर देणे अवघड होऊन बसते. म्हणून ते आज लिहूनच देते.

नाही. मी 23 वर्षांची असताना वडिलांना अर्धांगवायू झाला, धाकटे दोन भाऊ शिकत होते आणि शाळेतला माझा पगार हाच घराचा आधार होता. आधी येणारी स्थळे हळूहळू यायची थांबली, आणि थांबली याचे तेव्हा कोणाला फारसे वाईटही वाटले नाही. यात संकल्प कोठेच नव्हता. व्रत घ्यावे लागते. माझे लग्न राहून गेले. या दोन गोष्टींची गल्लत करून मला जे पुण्य बहाल केले जाते, ते माझे नाही.

घेतलेले व्रत कसे असते, ते मी शेजारी पाहिले आहे. आमच्या शेजारचे काका-काकू जैन. त्यांच्या धर्मात मुनींचे ब्रह्मचर्य हे महाव्रत, म्हणजे पूर्ण आणि अपवादरहित. गृहस्थ श्रावकासाठी मात्र त्याचेच अणुव्रत आहे, आणि त्याचा अर्थ आपल्या जोडीदारावर संतुष्ट राहणे. श्रावकाच्या चढत्या अकरा प्रतिमा, म्हणजे साधनेच्या पायऱ्या, सांगितल्या आहेत, त्यांतली सातवी ब्रह्मचर्याची. एका चातुर्मासात या दोघांनी महाराजांसमोर आजन्म ब्रह्मचर्याचा नियम घेतला, तेव्हा दोघेही साठीच्या पुढे होते. त्यानंतर काकांची कॉट बाहेरच्या खोलीत आली, एवढाच बदल मला दिसला. सकाळचा चहा, पेपरवरून होणारी कुरबूर, सगळे पूर्वीसारखेच. काकू मला म्हणाल्या होत्या, "आधी मला विचारलं, मग महाराजांना." त्या एका वाक्यात मला पुष्कळ काही सापडले.

कारण आपल्या संतकथांत हे विचारणे नेहमी होतेच असे नाही. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले, पण घरी पत्नी आहे हे कळताच गुरूंनी त्यांना परत पाठवले, आणि संन्यासी पुन्हा संसारात आला म्हणून आळंदीकरांनी त्या घराला वाळीत टाकले. त्या चार भावंडांच्या ब्रह्मचर्याचे आपण कौतुक करतो; पण वाळीत पडलेल्या घराशी सोयरीक तरी कोणी केली असती, हे कोणी विचारत नाही. समर्थांचेही तेच. 'सावधान' हा शब्द ऐकून बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून पळाला, ही कथा कीर्तनात रंगवून सांगितली जाते आणि लोक माना डोलावतात. मग कीर्तनकार नारायणाबरोबर नाशिकला, टाकळीला जातो. अंतरपाटापलीकडे उभ्या असलेल्या मुलीपाशी मात्र कोणी थांबत नाही. मी स्वतः समर्थांची भक्त आहे. सज्जनगडाच्या पायऱ्या दरवर्षी दासनवमीला चढते. तरीही त्या मुलीचा विचार मनातून जात नाही.

आणि गंमत अशी की, याच समर्थांनी गृहस्थाला घर सोडायला सांगितलेले नाही. दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभीच 'आधीं प्रपंच करावा नेटका' असे बजावले आहे, आणि प्रपंच सोडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल, असेही पुढच्याच ओवीत म्हटले आहे. ही ओवी वाचताना सोप्यावरच्या बायका हमखास माझ्याकडे पाहतात.

मला खरे बळ मिळते ते वेणाबाईंकडून. मिरजेत त्यांचा मठ आहे आणि सज्जनगडावर त्यांची समाधी आहे. त्या बालविधवा होत्या, म्हणजे लग्न आणि ब्रह्मचर्य दोन्हीही त्यांना न विचारता त्यांच्यावर आले. समर्थांनी त्यांना अनुग्रह दिला, उभे राहून कीर्तन करण्याची मोकळीक दिली, आणि ज्या काळात विधवेने कोपऱ्यात बसून राहावे अशी अपेक्षा होती त्या काळात त्या मठ सांभाळू लागल्या. लादलेल्या अवस्थेतून त्यांनी स्वतःचे काही उभे केले. याहून विलक्षण वाटते ते त्यांचे लेखन. ज्या बाईला मंगलकार्यात पुढे येण्याची मुभा नव्हती, तिने काव्य रचले ते 'सीतास्वयंवर'. लग्नाविषयी मनात कडवटपणा असता तर हा विषय तिने निवडला नसता, असे आपले मला वाटते.

दुसरे टोकही आपल्याच भागातले आहे. सातारा जिल्ह्यातल्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज गृहस्थ होते. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी आटपाडीच्या एका अंध मुलीशी लग्न केले, आणि संसारात राहूनच नाम घ्या, हे ते 1913 साली देह ठेवीपर्यंत सांगत राहिले. आमच्या मिरजेतल्या चर्चचे पाद्री प्रोटेस्टंट, म्हणून बायकामुलांचे. कॅथलिकांमध्ये मात्र धर्मगुरूचे लग्नच अवैध, असा निर्णय 1139 च्या लॅटरन परिषदेत झाला. म्हणजे एकाच ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांतही या बाबतीत एकमत नाही. तेव्हा अविवाहित राहणे हीच परमार्थाची पात्रता, असे मला तरी म्हणवत नाही.

मागच्या महिन्यात हाच प्रश्न एका तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीने विचारला. तिचे लग्न ठरवण्याचे चालले होते आणि तिला म्हणे माझ्यासारखे राहायचे होते. मी तिला बाजूला घेऊन विचारले, "तुला परमार्थाला होकार द्यायचा आहे, की आलेल्या स्थळाला नकार?" ती बराच वेळ हातातली खडीसाखर चाळवत राहिली आणि मग म्हणाली, "मुलगा पसंत नाही." मी म्हटले, "मग ते आईला सांग. त्यात समर्थांना कशाला आणतेस?" पुढच्या गुरुवारी ती आली नाही. तिची आई आली, अगदी मागे भिंतीला टेकून बसली, आणि वाचन संपेपर्यंत तिने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.